भुताला पगार नसतो

स्वस्तात सिनेमा काढायचा तर भूत घ्यावं, हा गरीब निर्मात्यांचा फार जुना शोध आहे. हिरो घेतला तर त्याच्या तारखा मिळत नाहीत. हिरॉइन घेतली तर तिच्याबरोबर तिची आई येते. भूत एकटं येतं, अंधारात काम करतं, जेवणाच्या सुट्टीत चिकन मागत नाही आणि पोस्टरवर आपलं नाव कुणाच्या वर नि कुणाच्या खाली यावरून रुसत नाही. शिवाय ते दिसलंच पाहिजे अशीही सक्ती नाही. दार करकरलं की प्रेक्षक समजतो, आलं. पुन्हा करकरलं की समजतो, गेलं. दार करकरवायला एक स्पॉटबॉय पुरतो.

खर्च येतो तो भुताच्या बिऱ्हाडाचा. भूत कुठंतरी राहिलं पाहिजे, आणि ती जागा निर्मात्याला भाड्याने घ्यावी लागते.

आपल्याकडे हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते रामसे मंडळींनी. 1970 साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा सिनेमा आला आणि पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करायला जातात, तेवढा भाग लोकांना फार आवडला. रामसे बंधूंच्या हे लक्षात आलं आणि पुढच्या सिनेमात त्यांनी पृथ्वीराज कपूर वगळून मुखवटा तेवढा ठेवला. 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी अख्खं कुटुंब बसमध्ये घालून ते महाबळेश्वरला गेले आणि सरकारी विश्रामगृहात उतरले. सात भाऊ. एक लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज सांभाळणार, एक कापाकापी करणार, दोघं दिग्दर्शन करणार. घरच्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक करणार. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. मराठी माणूस मधुचंद्राला आणि स्ट्रॉबेरी खायला ज्या गावी जातो, तिथं ही मंडळी मडं पुरून पुन्हा उठवत होती. सिनेमा चालला.

पण हवेली, वाडा, विश्रामगृह या जागांना एक खोड असते. त्यांना कथा लागते. ठाकूर कोण, त्याने कुणाला भिंतीत चिणलं, शाप किती पिढ्यांचा, हे सगळं सांगण्यात वेळ जातो आणि सिनेमात वेळ म्हणजे पैसा. बंद पडलेल्या हॉस्पिटलाला काही सांगावं लागत नाही. इथं माणसं मेली असणार, हे प्रेक्षक घरूनच ठरवून येतो. (चालू हॉस्पिटलातही आपण तेच ठरवून जातो, पण ते असो.) सामानही आयतं. गंजलेल्या कॉट, एक चाक वाकडं झालेली व्हीलचेअर, पोपडे सुटलेल्या भिंती, संपता न संपणारा कॉरिडॉर. ओल हवी असेल तर छप्पर आपण होऊन गळत असतं. नेपथ्यकाराला करायला काही उरतच नाही, म्हणजे त्याचेही पैसे वाचले.

या जातीतला एक नमुनेदार सिनेमा म्हणजे ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’. कॅनडात चित्रित झालेला, 2011 सालचा. काढणारे दोन तरुण, कॉलिन मिनिहन आणि स्टुअर्ट ऑर्टिझ. दोघं मिळून स्वतःला ‘द व्हिशस ब्रदर्स’ म्हणवून घेत, पण भाऊ नाहीत. भुताच्या धंद्याला भाऊबंदकी लागतेच, सख्खी नसली तर मानलेली.

गोष्ट अशी. लान्स प्रेस्टन नावाचा एक माणूस टीव्हीवर भुतं शोधण्याचा कार्यक्रम करतो. भुतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. कोट घालून, आवाज खाली आणून, कॅमेऱ्याकडे तिरकं बघत तो अशा काही थाटात बोलतो की आपल्या वृत्तवाहिन्यांवर तो सहज खपला असता. हॉस्पिटलच्या बागेतल्या माळ्याने भूत पाहिलेलं नसतं. लान्स त्याच्या हातावर वीस डॉलर ठेवतो, आणि माळ्याला ताबडतोब भूत आठवतं. बरोबर एक मांत्रिक आहे, तोही भाड्याचा. कॅमेरा चालू असेपर्यंत त्याच्या अंगात येतं. टोळीतले बाकीचे धरून हे पाच जण वेड्यांच्या एका बंद पडलेल्या इस्पितळात रात्रभर स्वतःला कोंडून घेतात. रखवालदार बाहेरून कुलूप लावतो आणि सकाळी सहाला येतो म्हणून निघून जातो.

हा सिनेमा मी माझ्या मावशीबरोबर पाहिला. (सख्खी मावशी. दवाखान्यातल्या मावशी वेगळ्या.) ती सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि सिस्टर इन्चार्ज होऊन निवृत्त झाली, मधल्या काळात किती रात्रपाळ्या केल्या याचा हिशेब तिच्याकडेही नाही. जरा घाबरवावं तिला, असा माझा हेतू होता. आमच्या घरी दुसरं कुणी तिला घाबरवू शकलेलं नाही.

पडद्यावर एक व्हीलचेअर आपोआप दोन फूट सरकली. ती पाच माणसं किंचाळली. मीही खुर्चीत जरा मागे सरलो.

“फरशीला उतार आहे,” मावशी म्हणाली. “आमच्याकडे पण जायची. ब्रेक लावायची कुणाला आठवण असते?”

खिडकी आपोआप उघडली. “कडी नसेल.”

मग दिवे गेले. “जनरेटर नाही?” आणि थोड्या वेळाने, खरोखरच काळजीच्या आवाजात: “अरे, एवढं मोठं हॉस्पिटल, आणि नातेवाईक एकसुद्धा नाही?”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. आपल्याकडे ‘एका पेशंटसोबत एकच नातेवाईक’ अशी पाटी असते, आणि त्या पाटीखाली प्रत्येक पेशंटचे चार-चार नातेवाईक चटई टाकून झोपलेले असतात. कॉटखाली डबा, उशाला थर्मास, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला टॉवेल. रात्री तीनला कॉरिडॉरमधून चालताना आपला पाय भुताच्या नव्हे, कुणाच्या तरी आतेभावाच्या पोटावर पडतो. मराठी मुलखात इस्पितळ झपाटायचं झालं तर भुताला आधी झोपायला जागा शोधावी लागेल.

पुढे त्या टोळीतली मुलगी उठते तर तिच्या पाठीवर कुणीतरी नखांनी ओरबाडून ‘हॅलो’ असं लिहिलेलं असतं. पाश्चात्त्य भूतही किती शिष्टाचाराचं! बाकीचे रडारड करत होते. मावशी भडकली होती. “बघत काय बसलेत? धुवा ना ती जखम. टिटॅनसचं इंजेक्शन द्या. काहीतरी ड्रेसिंग करा!” कुणी केलं नाही. त्यानंतर त्या टोळीबद्दलची तिची सहानुभूती संपली ती संपलीच.

आणि मग तो प्रसंग येतो, ज्याच्या जाहिरातीवर हा सिनेमा इंटरनेटवर गाजला. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पेशंटच्या झग्यात एक मुलगी उभी आहे. ही शहाणी माणसं कॅमेरा घेऊन मागून तिच्या जवळ जातात. “अरे, मागून जातात का कुणी अशा पेशंटच्या?” मावशी म्हणाली. “समोर दिसेल असं उभं राहायचं, नाव घेऊन हाक मारायची. हे लगेच हात लावायला निघाले.” मुलगी वळली. डोळे काळेभोर, तोंड कानापर्यंत फाटलेलं. मावशीच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं होतं ना’ असा भाव.

इथं माझं स्वतःचं मत सांगतो. मुलगी वळेपर्यंत मला भीती वाटत होती. वळल्यावर गेली. कंप्युटरवर ताणलेलं तोंड पाहिलं की प्रेक्षकाच्या मनातली भीती सैल पडते, कारण आता त्याला कंप्युटर दिसू लागतो. निर्मात्याकडे पैसे नव्हते तोवर सिनेमा भयंकर होता. तोंडं ताणण्यापुरते पैसे जमले आणि गडबड झाली. 1999 च्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’वाल्यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी चेटकीण दाखवलीच नाही. नटांच्याच हाती कॅमेरे दिले, त्यांना मेरीलँडच्या जंगलात सोडलं आणि रोज त्यांचं जेवण थोडं थोडं कमी करत गेले, म्हणजे चिडचिड खरी दिसेल. अभिनय सुधारण्याची ही एकमेव पद्धत असेल जिच्यात खर्च वाढण्याऐवजी घटतो. पुढे त्या सिनेमाने जगभरात 24 कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

मात्र ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’मध्ये एक कल्पना अशी आहे की तिला पैसाही लागला नाही आणि कंप्युटरही. सकाळचे सहा वाजतात, रखवालदार येत नाही. घड्याळ पुढे सरकत राहतं, बाहेर काळोख तसाच. वैतागून ते मुख्य दरवाजा फोडतात. दरवाज्यापलीकडे बाग असायला हवी. तिथं आणखी एक कॉरिडॉर आहे. गच्चीचा जिना चढतात तर वर भिंत. जिकडून निघाले तिकडेच परत.

परदेशी प्रेक्षकाला हे फार नवीन वाटलं असावं. कोकणात कुणालाही विचारा, तो म्हणेल, चकवा लागला. रात्री पलीकडच्या वाडीतून येताना माणूस त्याच आंब्याखाली तिसऱ्यांदा येतो, त्याला चकवा लागलेला असतो. त्यावर उतारासुद्धा ठरलेला: धावू नये, जागीच बसावं, उजाडलं की वाट आपोआप दिसते. या सिनेमाने चकव्यात जी भर घातली आहे ती खरी भयंकर आहे. इथं उजाडतच नाही. म्हणजे उतारा गेला.

आपल्या आणि त्यांच्या भुतांत दुसराही एक फरक आहे. आपली भुतं पत्त्यावर राहतात. मुंजा पिंपळावर, आसरा डोहात, गिऱ्हा पाण्याच्या कडेला, गोव्यातला देवचार वेशीवर, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. त्यांच्याशी बोलणी करता येतात. कुणाला झपाटलं तर भगत आधी विचारतो: तू कोण, कुठला, तुला काय पाहिजे? कुणाला नारळ पाहिजे असतो, कुणाला कोंबडा, देवचाराला रोट आणि बिडी. व्यवहार पुरा होतो, ज्याचं त्याचं चालू लागतं. लान्स प्रेस्टन हातात यंत्र धरून अंधारात ओरडतो, इथं कुणी असेल तर आम्हाला खूण दाखवा. सगळ्या सिनेमात तो भुतांना आपल्याला काय पाहिजे तेवढंच सांगतो. त्यांना काय पाहिजे हे एकदाही विचारत नाही. आमच्या कुठल्याही भगताने त्याला पहिल्या अर्ध्या तासात बाहेर काढलं असतं, फक्त एका कोंबड्यात.

भुतांना काय पाहिजे असतं ते शेवटी कळतं. झोपेतून उठल्यावर या मंडळींच्या मनगटाला हॉस्पिटलच्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यावर प्रत्येकाचं नाव. त्यांना ॲडमिट करून घेतलेलं आहे. “स्पेलिंग तरी बरोबर आहे,” मावशी म्हणाली. “केसपेपर कुठाय पण?” केसपेपर तिथला मेलेला डॉक्टर ठेवत असावा. फ्रीडकिन त्याचं नाव. ‘द एक्झॉर्सिस्ट’चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, त्याला केलेला हा नमस्कार असावा असा माझा अंदाज. हा डॉक्टर रोग्यांच्या मेंदूत हत्यार घालून त्यांना शांत करत असे. शेवटी लान्सही शांत होतो, कॅमेऱ्यात बघून आता मी बरा झालो असं सांगतो आणि कार्यक्रम संपवतो.

या जागी मावशीने काही टोमणा मारला नाही. मेंदूची ही शस्त्रक्रिया कुठल्या पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. ती सुरू करणारे पोर्तुगालचे एगास मोनिझ यांना 1949 साली तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

आता बिऱ्हाडाकडे वळू. सिनेमातलं इस्पितळ म्हणजे ब्रिटिश कोलंबियात, व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलम गावातलं रिव्हरव्ह्यू. 1913 साली सुरू झालेलं मनोरुग्णालय. 1950 च्या दशकात तिथं चार हजारांवर रुग्ण होते. पुढे नवी औषधं आली, धोरण बदललं, इमारती एकेक करून रिकाम्या होत गेल्या, आणि रिकाम्या इमारतीत सिनेमावाले शिरले. ‘एक्स-फाइल्स’ तिथं झालं, ‘सुपरनॅचरल’ झालं, ‘स्मॉलव्हिल’ झालं. मौज अशी की इस्पितळ पुरतं बंद पडलं ते 2012 मध्ये. म्हणजे ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’ येऊन गेला तरी त्याच आवारात काही खरे रुग्ण वेळेवर गोळ्या घेऊन शांतपणे झोपत होते, आणि पलीकडच्या इमारतीत भाडं भरून आलेली शहाणी माणसं रात्रभर किंचाळत होती. कोण कुठल्या बाजूला असायला हवं होतं, हे मावशीने विचारलं. मी विषय बदलला.

कोरियाच्या गोंजियामचं तर आणखी निराळं. तिथलं मनोरुग्णालय 1996 मध्ये बंद पडलं. रोगी गूढपणे मेले, डॉक्टर वेडा झाला, मालक पळाला, अशा गोष्टी पसरल्या. 2012 मध्ये सीएनएनने जगातल्या भयाण जागांच्या यादीत त्याला बसवलं, आणि मग दर शनिवार-रविवारी बॅटऱ्या घेतलेली पोरं कुंपणावरून उड्या मारू लागली. आजूबाजूचे लोक वैतागले. इस्पितळ बंद पडण्याची खरी कारणं होती पैशाची ओढाताण आणि सांडपाण्याची न सुटलेली अडचण. ज्यांनी गृहनिर्माण सोसायटीची एक तरी वार्षिक सभा पाहिली आहे, त्यांना सांडपाण्यामुळे एखादी इमारत झपाटू शकते हे पटायला हरकत नाही.

2018 साली जुंग बम-शिक या दिग्दर्शकाने त्यावर ‘गोंजियाम: हॉन्टेड असायलम’ काढला. इमारतीच्या मालकाने आपल्या मालमत्तेची बदनामी होते म्हणून कोर्टात धाव घेतली. कोर्टाने सिनेमा अडवला नाही. चित्रीकरण झालं बुसानच्या एका बंद शाळेत, म्हणजे भुताने स्वतःच्या घरात पाऊलही टाकलं नाही. यात लान्सच्या जागी यूट्यूबवरची पोरं आहेत. कॅमेरे नटांच्याच अंगावर बांधलेले, एक कॅमेरा समोर आणि एक त्यांच्याच तोंडावर रोखलेला. 402 नंबरची खोली उघडत नाही, ती उघडायची. त्यांचा म्होरक्या मात्र बाहेर तंबूत, कंप्युटरपुढे. दहा लाख प्रेक्षक जमवायचे हे त्याचं ध्येय. आत माणसं मरायला लागली तरी याची नजर आकड्यावर. या सगळ्या इस्पितळी सिनेमांत मला सर्वांत खरं वाटलेलं पात्र हेच. त्याला कुणीही झपाटलेलं नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्सच्या इस्पितळात ब्रॅड अँडरसनने 2001 मध्ये ‘सेशन 9’ काढला. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो चांगला सिनेमा आहे आणि चांगल्या सिनेमाची थट्टा करायला जड जातं. त्यात भूत जवळजवळ नाहीच. रिकाम्या इस्पितळातलं ॲस्बेस्टॉस काढायला आलेले कामगार आहेत. कंत्राट हातचं जाऊ नये म्हणून ठेकेदार बोलून बसतो की दोन-तीन आठवड्यांचं काम एका आठवड्यात करतो, आणि वेळेत केलं तर दहा हजार डॉलर बक्षीस. ज्याने घराला नुसता रंग लावून घेतला आहे अशा कुठल्याही मराठी माणसाच्या अंगावर इथंच काटा येईल. ठेकेदार आठवड्यात काम पुरं करतो म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगात नक्की दुसरं कुणीतरी बोलत असतं. गंमत म्हणजे सिनेमाची कथाही जवळपास हेच सांगते.

या भुतांच्या नशिबी पुढे जे आलं ते कुठल्याच सिनेमात आलेलं नाही. डॅन्व्हर्सचं 1878 सालचं इस्पितळ 2006 मध्ये बरंचसं पाडलं. दर्शनी भाग तेवढा राखला आणि तिथं भाड्याने द्यायची घरं बांधली. गोंजियामची इमारतही सिनेमा आला त्याच वर्षी पाडून टाकली. रिव्हरव्ह्यूत अजून शूटिंग चालतं.

मावशीने सिनेमा संपल्यावर निकाल दिला तो एका वाक्यात: “पेशंट नाहीत, नातेवाईक नाहीत, डॉक्टरची राउंड नाही. अशी नाइट ड्यूटी मला जन्मात मिळाली नाही.” तो मला सिनेमावरचा अभिप्राय म्हणून मान्य नाही, पण तक्रार म्हणून पूर्ण मान्य आहे.

तुम्हाला बघायचे असतील तर आधी ‘सेशन 9’ बघा, दिवसा. मग ‘गोंजियाम’, रात्री, कानाला हेडफोन लावून. त्यात पार्श्वसंगीत जवळपास नाही, त्यामुळे तुमच्याच घरातला फ्रिज सुरू झाला तरी दचकाल. ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’ चार माणसांत बघा, आणि त्यांत एखादी निवृत्त नर्स असेल तर उत्तम. त्याचा दुसरा भागही 2012 मध्ये आला आहे. तो बघू नका.